अवकाशयानात राबतं कोण?

विज्ञान-मालिकांवरचा वाद आपल्याकडे हल्ली चुकीच्या जागी अडकून पडला आहे. नागपुरात चार प्रेक्षक जमले, मग ते धरमपेठेतल्या कॅफेत असोत की लग्नाच्या पंगतीत, आणि ‘सायलो’, ‘सेव्हरन्स’ किंवा ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’चा विषय निघाला, की लगेच दोन तट पडतात. एका तटावर शिक्षक, अभियंते, विज्ञानाची मनापासून आवड असलेले लोक. “असं कुठी होते का?” म्हणत ते चुकांची यादी वाचायला लागतात. दुसऱ्या तटावरचे सांगतात की दिवसभर थकून आल्यावर बघायची गोष्ट आहे, डोकं बाजूला ठेवा आणि बघा. मला दोन्ही तट अमान्य आहेत. विज्ञान-मालिकेचं गृहीतक किती अचाट आहे यावर तिचा कस लागत नाही. ते मांडून झाल्यावर ती किती प्रामाणिक राहते, यावर लागतो. ‘समजा असं झालं’ असं एकदा म्हटलं, की त्या ‘समजा’चं ओझं कोणाच्या पाठीवर पडतं हे दाखवायची जबाबदारी तिच्यावर येते. त्या जगात राबतं कोण, खातं कोण, ठरवतं कोण? हे विचारायला लागलं की आजच्या मालिकांमधल्या भरीव कोणत्या आणि पोकळ कोणत्या हे फार लवकर कळतं. पुढे काही कथानकं उघड होतील. त्याला इलाज नाही, कारण मुद्दा कथानकातच आहे.

आधी पहिल्या तटाचं म्हणणं, कारण ते हलकं नाही. ‘सायलो’च्या पहिल्या सीझनमधला जनरेटर दुरुस्तीचा भाग घ्या. जमिनीखाली १४४ मजल्यांच्या एका बंद शहराला वीज देणारं एकच यंत्र बंद करतात, वाकलेलं पातं सरळ करतात, आणि तोवर वाफेचा दाब वाढत राहतो म्हणून नायिका ज्युलिएट तापलेल्या भागावर नळीने पाणी मारत बसते. कोराडीला किंवा खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रात नोकरी केलेल्या कोणालाही हा प्रसंग दाखवा, तो पाच मिनिटांत अस्वस्थ होईल. टर्बाइन उघडणं, पाती तपासणं, तोल साधणं, परत जुळवणं हे कित्येक दिवसांचं काम असतं, आणि फिरत्या यंत्रात केसाएवढा तोल गेला तरी काय होतं हे त्याला ठाऊक असतं. ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ची गोष्टही तशीच. चार प्रकाशवर्षांवर तीन सूर्यांच्या ओढाताणीत होरपळणारी संस्कृती तिथे दाखवली आहे. आपल्यापासून एवढ्या अंतरावर तीन ताऱ्यांचं कुटुंब आहे खरं, आल्फा सेंटॉरीचं. पण त्यातले दोन तारे साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती शहाण्यासारखे फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्झिमा, त्यांच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३,००० पट दूर आहे. तिथे तीन सूर्यांचा तसला गोंधळ होत नाही. ‘सेव्हरन्स’मध्ये मेंदूत एक चिप बसवून माणसाच्या कामाच्या आठवणी आणि घरच्या आठवणी कायमच्या वेगळ्या करतात. ज्यांनी मेंदूचा थोडा अभ्यास केला आहे ते सांगतील की आठवणी अशा दोन कप्प्यांत ठेवलेल्या नसतात. हे सगळे आक्षेप बरोबर आहेत. एकही खोडून काढायची माझी इच्छा नाही.

हा आग्रह आपल्याकडे आला कुठून, हेही लक्षात घ्यायला हवं. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली ती विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी, आणि मराठी विज्ञानकथा मोठी झाली ती तिच्या अंगणात. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगताप म्हणजे जयंत नारळीकर, हे सगळ्यांना नंतर कळलं. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो, तीही आपलं नाव लपवून स्पर्धेला पाठवतो, यातला सचोटीचा भाग माझ्या पिढीने मनात जपून ठेवला. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा कित्येक घरांत जुने कथासंग्रह पुन्हा बाहेर निघाले असतील. विज्ञानकथेतलं विज्ञान खरं असावं, ही शिकवण त्या परंपरेने दिली आणि तिचं मोल मोठं आहे. भोंदूगिरीला ‘वैज्ञानिक’ म्हणून विकणाऱ्या काळात तर ते जास्तच आहे. पण त्या शिकवणीचा एक परिणाम असाही झाला की विज्ञानकथा म्हणजे विज्ञान शिकवण्याचं साधन, असं आपण धरून चाललो. साधन असेल तर चूक हा एकच गुन्हा उरतो. मग शंभर पानांची कथा वाचून एकच शेरा द्यायचा, सूत्र बरोबर की चूक. माणसांचं काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं.

या तटाची सर्वांत लाडकी मालिका कोणती? बहुतेक जण ‘द एक्सपान्स’चं नाव घेतील, आणि मीही तिच्यावर जीव टाकते. २०१५ पासून २०२२ पर्यंत चाललेल्या या मालिकेत यान अर्धा प्रवास वेग वाढवत जातं, मग उलटं वळून उरलेला अर्धा वेग कमी करत जातं, कारण अवकाशात ब्रेक नसतो. वजन जाणवतं ते इंजिन चालू असेपर्यंतच. लघुग्रहांच्या पट्ट्यात जन्मलेली माणसं कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे उंच, किरकोळ, ठिसूळ हाडांची होतात. बंद अवकाशपोशाखात चेहरा दिसत नाही म्हणून त्यांची बोली हातवाऱ्यांनी भरलेली असते. विज्ञान इतकं चोख, की शिक्षकाने वर्गात दाखवावं. पण हे सगळं ज्या इंजिनावर उभं आहे ते एपस्टाइन इंजिन निव्वळ कल्पना आहे. इतक्या कमी इंधनात इतका प्रचंड वेग देणारं इंजिन आजच्या भौतिकशास्त्राला माहीत नाही, आणि ते चालतं कसं हे मालिका सांगतही नाही. म्हणजे अचूकतेच्या कसोटीवर ही मालिका पहिल्याच पायरीला नापास व्हायला हवी. मग ती आपल्याला खरी का वाटते? कारण ते एक अशक्य इंजिन मान्य केल्यावर पुढचा प्रत्येक परिणाम लेखकांनी सोसला आहे. पट्ट्यातल्या सेरेस या वसाहतीत हवा आणि पाणी मोजून मिळतं. बर्फ आणणारी माणसं वेगळी आणि पाणी पिणारी माणसं वेगळी. पहिल्याच भागात पृथ्वीचे अधिकारी पट्ट्यातल्या एका कैद्याचा छळ करतात, तो कसा? त्याला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात नुसतं टांगून ठेवतात. त्याच्या हाडांना ते वजन पेलत नाही. भौतिकशास्त्राचा एक साधा नियम तिथे राजकीय हत्यार होतो, आणि तो आदेश देणारी बाई साडी नेसलेली आहे, मुत्सद्दी आहे, नातवंडांवर माया करणारी आहे. विज्ञानाची अचूकता इथे महत्त्वाची ठरते ती माणसांपर्यंत पोहोचते म्हणून.

आता दुसरा तट. मनोरंजन हवंच. थकलेल्या माणसाला रात्री तासभर दुसऱ्या जगात जाऊ द्यावं, त्यात कमीपणा नाही, आणि प्रत्येक मालिकेतून संदेश काढायची सवय मलाही नकोशी वाटते. पण ‘डोकं बाजूला ठेवा’ हा सल्ला मराठी प्रेक्षकाने द्यावा याचं नवल वाटतं. १९०७ मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पोशाख पौराणिक, तिकीट काढून बघायचं नाटक. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे थिएटरात बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही लागलं नाही, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्या प्रेक्षकांनी डोकं घरी ठेवलं असतं तर बंदीची गरज पडली असती का? अमेरिकेतही हेच घडलं. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि आरोपी सुटले. रॉड सर्लिंग या टीव्ही-लेखकाने पुढच्या वर्षी त्यावरून टीव्ही नाटक लिहिलं, तर प्रायोजकांच्या भीतीपायी त्यातलं गाव बदललं, माणसं बदलली, शेवटी मुद्दाच उरला नाही. सर्लिंगने मग १९५९ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्भुत आणि विज्ञानकथांची मालिका सुरू केली. जे माणसांच्या तोंडी चाललं नाही ते परग्रहवासीयांच्या तोंडी बिनबोभाट चाललं. टीव्हीवरच्या विज्ञानकथेने तेव्हापासून हेच काम केलं आहे. डोकं बाजूला ठेवून ती बघितली तर हाती उरतात फक्त पोशाख.

आता आजच्या मालिकांकडे या नजरेने बघा. यातल्या चांगल्या मालिका बहुतेक सगळ्या कामाबद्दल बोलतात. अवकाशयुद्धं आहेत, राक्षस आहेत, पण मधोमध कामावरचा माणूस उभा आहे. ‘सेव्हरन्स’ त्यात सर्वांत पुढे. ल्युमन नावाच्या कंपनीत खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या माणसाचे दोन भाग केलेत. बाहेरचा माणूस लिफ्टमध्ये शिरतो आणि पुढच्याच क्षणी, त्याच्या लेखी, दिवस संपवून बाहेर येतो. आतला माणूस फक्त कामावर जागा होतो. त्याला झोप माहीत नाही, आभाळ माहीत नाही, रविवार माहीत नाही. पगार बाहेरच्याला, श्रम आतल्याला. हेली नावाची आतली कामगार राजीनामा मागते तेव्हा तिचीच बाहेरची बाई चित्रफितीतून तिला सांगते की निर्णय घेण्याचा अधिकार माझा आहे, कारण माणूस मी आहे, तू नाहीस. चिप शक्य आहे की नाही हा प्रश्न त्या क्षणी कोणाला आठवतो? मला आठवले बाबासाहेब. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, असं त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरातल्या प्रेक्षकाला हे वाक्य पाठ असतं. दुसऱ्याच्या श्रमावर जगायचं आणि तो दुसरा आपल्यासारखा माणूस आहे हे माहीतच नसल्यासारखं वागायचं, ही सोय आपल्या समाजाने चिपशिवाय हजारो वर्षं करून ठेवली होती. गटारात उतरणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत नसणं आपल्याला सोयीचं असतं. ‘सेव्हरन्स’ने ही सोय एकाच शरीरात कोंबून दाखवली. मालिका अमेरिकन आहे, तिच्या डोक्यात जात नसणार. पण तिच्यामुळे मला इथलं दिसलं, आणि तिने आपलं ‘समजा’ शेवटपर्यंत निभावलं म्हणूनच दिसलं.

‘सायलो’कडे परत जाऊ. टर्बाइनचा प्रसंग चुकीचा आहे हे मान्य केलंच आहे. पण त्या शहरात लिफ्ट नाही, फक्त जिना आहे, याकडे चुका मोजणाऱ्यांचं लक्ष गेलं का? १४४ मजले, दहा हजार माणसं आणि एक गोल जिना. सर्वांत खाली यंत्रखातं, तिथली माणसं तेलाने माखलेली, आणि त्यांच्या विजेवर सगळं शहर उजळतं. वर न्यायखातं, माहितीखातं, खिडकीतून दिसणारं बाहेरचं जग. खालच्या माणसाला वर जायचं तर दिवस मोडतो, म्हणून वरचे कोण आणि कसे हे त्याला कधी नीट कळत नाही. जिना हेच तिथलं राज्य टिकवण्याचं साधन आहे. ही गोष्ट मालिकेने नुसत्या पायऱ्या दाखवून सांगितली, आणि माझ्या मते एका चुकीच्या टर्बाइनपेक्षा तिचं वजन फार जास्त आहे. ‘अँडोर’मध्येही नार्कीनाचा तुरुंग म्हणजे कारखानाच आहे. अनवाणी कैदी, खाली विजेची फरशी, टेबलाटेबलांत चुरस लावलेली. मागे पडणाऱ्या टेबलाला विजेचा झटका, पुढे जाणाऱ्यांच्या जेवणाला चव. आणि त्यांच्यावर मुकादम म्हणून त्यांच्यातलाच एक कैदी, जो आपली शिक्षा संपत आली म्हणून इतरांना दामटतो. इथून कोणी सुटतच नाही हे त्याला कळतं तेव्हा उठाव होतो. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’च्या चौथ्या सीझनमध्ये मंगळावरच्या वसाहतीत संप होतो. तिथे आलेला माइल्स हा समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणारा माणूस. चंद्रावरच्या हेलियमपासून स्वस्त वीज मिळायला लागली, जग आनंदलं, आणि त्याची नोकरी गेली. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे. उमरेड, सावनेर, कामठीच्या खाणींवर किती घरं जगतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. उद्या कोळसा बंद झाला, आणि हवामानासाठी तो कधीतरी बंद व्हायलाच हवा, तर त्या घरांचं काय, हा प्रश्न विचारणारी मालिका आपल्याला परकी कशी?

हे प्रश्न नागपूरला नवे नाहीत. १ जानेवारी १८७७ ला इथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्यांनी सूत कातायच्या रिंग पद्धतीच्या नव्या चात्या आणल्या, इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कारखानदार अजून जुन्या यंत्रांवरच विसंबून होते तेव्हा. त्या काळच्या नागपुरात हे तंत्र म्हणजे भविष्यच होतं. नव्या चात्या सूत न थांबता काततात, जास्त काततात आणि जुन्या कारागिरीची गरज कमी करतात. मग कोणाचं कसब निरुपयोगी झालं, कोणाला कारखान्यात जागा मिळाली, घरी हातमागावर बसणाऱ्या विणकरावर काय वेळ आली? यंत्र चाललं की नाही हे एका ओळीत सांगता येतं. बाकी सगळं सांगायला कादंबरी लागते, किंवा दहा भागांची मालिका. आज गांधीसागराच्या एका बाजूला रमण विज्ञान केंद्र आहे, जिथे शाळांच्या सहली येतात आणि मुलं तारांगणात मान वर करून बसतात. जवळच एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. विज्ञान केंद्रात यंत्र कसं चालतं ते कळतं, आणि ते कळायलाच हवं. यंत्राने काय केलं हे सांगणारं काही त्या जागेवर उरलेलं नाही.

याच कसोटीवर काही गाजलेल्या मालिका पडतात, तेही सांगायला हवं. ‘फाउंडेशन’ माझ्या मते भरकटली आहे. तिचं मूळ ‘समजा’ असं, की माणसांच्या प्रचंड समूहाचं भविष्य गणिताने सांगता येतं, एकट्या माणसाने इतिहास बदलत नाही. आणि मालिका काय करते? प्रत्येक संकटात एक खास माणूस, खास जन्माचा, मनाच्या खास शक्ती असलेला, धावून येतो. आपल्याच गृहीतकाशी ही बेइमानी आहे. तिच्यातलं सम्राटाचं कथानक मात्र उत्तम, कारण तिथे हिशेब चोख आहे. एकाच माणसाच्या प्रती पिढ्यानपिढ्या गादीवर बसवल्या तर साम्राज्य गोठतं, आणि त्यातल्या एखाद्या प्रतीला आपण वेगळं असावंसं वाटलं तर तोच गुन्हा ठरतो. ‘एलियन: अर्थ’ने मरणाऱ्या मुलांचं मन कंपनीच्या मालकीच्या कृत्रिम शरीरात घालण्याची भयंकर कल्पना मांडली. शरीर कंपनीचं, तर आतलं मूल कोणाचं? हा प्रश्न सोडून मालिका फार वेळा पाठलागाच्या मागे गेली. पाठलाग छान आहेत. पण ते याआधी बघितलेले आहेत.

उलट ‘प्लुरिबस’ बघा. अवकाशातून आलेल्या संदेशामुळे जवळपास सगळी मानवजात एक मन होते. भांडण नाही, खोटं नाही, हिंसा नाही, सगळे सुखी. मोजकी माणसं तेवढी वेगळी राहतात, त्यातली एक चिडकी लेखिका ही नायिका. विज्ञान विचाराल तर संदेशातून विषाणू बनवण्याची कल्पना ताणलेली आहे. पण पुढे मालिका असा प्रश्न विचारते जो आळशी लेखकाला सुचलाच नसता. कोणत्याही जिवाला इजा करायची नाही, झाडावरचं फळसुद्धा तोडायचं नाही, असं अब्जावधी माणसांनी ठरवलं तर ती खाणार काय? गळून पडलेली फळं किती दिवस पुरतील? त्यांचं उत्तर म्हणजे मेलेल्या माणसांपासून केलेलं प्रथिन. अंगावर काटा येतो, आणि ते उत्तर टाळता येत नाही. अहिंसेवर शतकानुशतकं वाद घातलेल्या देशात या मालिकेवर खरी चर्चा व्हायला हवी होती. मी ऐकली ती सगळी चर्चा विषाणू शक्य आहे का, यावरच.

एक आक्षेप मात्र मला सर्वांत जास्त छळतो. कामगाराच्या पिळवणुकीवरची ही सगळी दुःखं आपल्याला विकतात कोण? जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकीच काही. ‘सेव्हरन्स’, ‘सायलो’, ‘प्लुरिबस’ तिन्ही अ‍ॅपलच्या. कंपनीवरचा राग कंपनीलाच दरमहा पैसे भरून बघायचा, हा विरोध कसला? ‘ब्लॅक मिरर’ने २०२५ च्या एका भागात हेच मांडलं. शिक्षिकेचा मेंदू एका कंपनीच्या वर्गणीवर चालतो, नवरा ती वर्गणी भरून भरून संपतो, आणि स्वस्त योजनेत ती बिचारी वर्गात शिकवता शिकवता जाहिराती बोलायला लागते. तो भाग आपण बघितला तोही वर्गणी भरूनच. भीती खरी आहे. २०२२ च्या डिसेंबरात ‘वेस्टवर्ल्ड’सारखी मोठी मालिका तिच्याच कंपनीने आपल्या मंचावरून काढून टाकली. पुस्तक कपाटात राहतं, मालिका मालकाच्या मर्जीवर. तरीही विकणाऱ्याच्या हेतूमुळे गोष्ट खोटी ठरते, हे मला पटत नाही. ‘कीचकवध’ही महाराष्ट्र नाटक मंडळी तिकीट लावूनच करायची. आणि या गोष्टी करणारी माणसं नुसती गोष्टी सांगून थांबलेली नाहीत. ‘सेव्हरन्स’च्या दोन सीझनच्या मधे जवळपास तीन वर्षं गेली म्हणून सगळे चिडले, मीही. पण त्यातला मोठा काळ २०२३ चा होता, जेव्हा अमेरिकेतले पटकथालेखक १४८ दिवस संपावर होते आणि पुढे नटही त्यात उतरले. लेखकांच्या मागण्यांमध्ये एक अशी होती की यंत्राकडून लिहून घेऊन माणसाची मजुरी कापू नये. कामावर मालिका लिहिणारे लोक कामासाठीच रस्त्यावर उतरले. आपण इथे ‘पुढचा सीझन कधी’ एवढंच विचारत राहिलो.

उरतो शेवटचा मुद्दा, की हे सगळं तिकडचं आहे, आपल्याला परवडत नाही. पैशाचं कारण मला अर्धंच पटतं. १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आली, मिलिंद सोमण अवकाशात गेला, मुलांनी ती डोक्यावर घेतली. तिची यंत्रं तेव्हाच तोकडी दिसत होती, पण मुलांना त्याचं काही वाटलं नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तिच्या पुढचं पाऊल पडलं नाही. ‘सेव्हरन्स’चा बराचसा भाग म्हणजे पांढरे बोळ, चार टेबलं आणि न्यू जर्सीतली बेल लॅब्ज या संशोधन संस्थेची जुनी इमारत. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी शेतात मंडप टाकून रात्रभर नाटक उभं करते. कमी साधनांत जग उभं करणं आपल्याला शिकायचं राहिलेलं नाही. अडलं आहे ते गृहीतक मांडून त्याचा हिशेब लावण्यापाशी.

एक ‘समजा’ मीच मांडते. समजा, नागपूरचा उन्हाळा इतका वाढला की मार्च ते जून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाहेर पडायला कायद्याने बंदी आहे. शाळा रात्री, कोर्ट रात्री, इतवारीचा बाजार रात्री, लग्नं पहाटे. घरं थंड ठेवायला कोराडीची वीज, विजेला उमरेडचा कोळसा, आणि कोळशाची खाण उघडी, भर उन्हात. खर्च काहीच नाही, रिकामे रस्ते तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर आयते मिळतील. आता लेखकाने बसून ठरवायचं. दुपारी तार तुटली तर खांबावर कोण चढेल? त्याला बंदीतून सूट देणारा कागद कोण देतं, आणि त्या कागदाची किंमत काय? खाणीत दिवसपाळी कोणाच्या वाट्याला येते, कोणत्या वस्तीतून, कोणत्या आडनावाच्या? ज्यांच्या घरी पत्र्याचं छत आहे ते बंदीच्या आठ तासांत आत बसतात की बाहेर, आणि बाहेर सापडले तर दंड कोणाला? पारा किती दाखवायचा, ४८ की ५२, हे हवामानखात्याच्या माणसाला विचारून घेता येईल. तो आनंदाने सांगेल आणि त्याने सांगितलेलं बरोबर वापरावं. पण पहिला भाग त्या खांबावरच्या माणसापासून सुरू करावा, वऱ्हाडी बोलणाऱ्या, आणि त्याला नाही म्हणायची सोय आहे की नाही हे दुसऱ्या भागापर्यंत स्पष्ट व्हावं.